खोकणाऱ्याने घरी गावे

मंगळवार, ५ मे

तीर्थरूप बाबांना,
सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि माझं तर मुळीच येत नाही, म्हणून औषधवाल्या काकांच्या हाती हे पत्र. आत्या म्हणाली की करोनाच्या टाळेबंदीत चर्चला कुलूप असलं तरी मागच्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहे, आणि रविवारी तुम्ही अख्खं गायकमंडळ तिथे गुपचूप जमवणार आहात. अकरा जण, त्यात सगळ्यात तरुण ती, एकसष्टची! कोंदट खोलीत, खिडक्या लावून, तोंडं वासून!

बाबा, मी दिवसभर लोकांच्या नाकात काडी घालून नमुने घेते. गाण्याने हा आजार किती पसरतो ते मला माहीत आहे, आणि तुमचा दमाही माहीत आहे. कालपासून स्वतःला विचारते आहे, माझा देवावरचा विश्वास कमी पडतोय म्हणून मी घाबरते का? एवढं खरं, की मी हातमोजे चढवतानाच प्रार्थना करते, आणि दोन्हींपैकी एकही सोडायचा मला धीर होत नाही.

जाऊ नका ना. रागावलात तर रागवा, पण लोभ तेवढा घरात बसून करा.

तुमची,
धाकटी

---

शुक्रवार, ८ मे

चि. काळजीबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी भडकलो. कुलूप लागेपर्यंत चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता. देव आपल्या गाणाऱ्यांना सांभाळणार नाही का, असं आत्यालाही सुनावलं. ती म्हणाली, त्याने सांभाळायला दिलेलं डोकं तू खुंटीला टांगलंयस. बहीण असावी तर अशी, म्हणजे लांब राहणारी.

मग काल, कोण कुठे उभं राहणार ते ठरवायला सरावाच्या खोलीत गेलो. भिंतीवर माझ्याच हातची पाटी: ‘खोकणाऱ्याने घरी गावे.’ तू नऊ वर्षांची असताना याच पाटीखालून तुला रडत घरी पाठवलं होतं. तुला नुसता ठसका लागला होता गं. आणि तिथे उभ्या उभ्या मलाच खोकला आला! धुळीचा असेल, दम्याचा असेल. पण पाटी कारण विचारत नाही. मी मला घरी पाठवलं. वाटेत इतका हसलो की लोक पलीकडच्या बाजूने चालू लागले.

तर नवा बेत. रविवारी सकाळी आठला प्रत्येकाने आपल्या घरात आपापला भाग गायचा. आपल्याला एकमेकांचं ऐकू येणार नाही, वरच्याला येईल. आत्याने सगळ्यांना कळवलंय. तूही उभी राहा, खालचे सूर तुझे. उद्या तुझी काडीही नाकात घालून घेतो, हळू घाल.

ओरडून झाल्यावर थोडी माया शिल्लक ठेव.

बाबा

---

सोमवार, ११ मे

तीर्थरूप बाबांना,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचा अहवाल स्वच्छ! मी तो तीनदा वाचला, चौथ्यांदा सहकारिणीकडून वाचून घेतला.

काल स्वयंपाकघरात उभी राहून गायले. नुसते खालचे सूर एकटे फार केविलवाणे वाटतात. शेजारीण दाराबाहेरून विचारत होती, तुमच्या नळात काही अडकलंय का! आत्याचं घड्याळ पुढे, तुमचं मागे. तुम्ही सुरू केलंत तेव्हा तिचं ‘आमेन’ झालं होतं म्हणे. देवाला काल चांगलंच धावावं लागलं असेल.

वाफ घ्या, आणि आठवणीने घ्या.

धाकटी

---

रविवार, २४ मे

चि. काळजीबाईस,
अ. उ. आ.

हे तुला फोनवर सांगवलं नसतं. आपण घरोघरी गायलो त्याच रविवारी संध्याकाळी मंडळातल्या आपल्या शिंप्याला ताप भरला. तोच आजार. दहा दिवस इस्पितळात होता, काल घरी आला. बाकी आम्ही सगळे ठणठणीत.

त्या सकाळी तो माझ्या डाव्या हाताला उभा राहणार होता. आम्हा दोघांत एकच गीतपुस्तक असतं, डोक्याला डोकं लावून. देव सांभाळेल असं मी म्हणत होतो, ते मी दार उघडल्यावर सांभाळेल असं धरून. देवाने तुझ्या पत्रापासूनच सांभाळायला सुरुवात केली होती, आणि मी त्याच्याशी वाद घालत होतो.

आज तोंड बांधून शिंप्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. त्याने वरची खिडकी उघडली, मला पाहिलं आणि पहिली ओळ सोडली. दुसऱ्या शब्दाला सूर घसरला. चाळीस वर्षं तो तिथेच घसरतो आणि चाळीस वर्षं मी त्याला तिथेच थांबवतो.

आज थांबवलं नाही.

बाबा