केशरबाईंची तब्येत

३० नोव्हेंबर, रविवार

आजपासून राग बंद. कायमचा.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, घरोघरी गाणी म्हणत जायची नाताळ फेरी यंदा चार चर्च मिळून एकच. आमचं मराठी, नेरूळचं कॅथलिक, मल्याळी लोकांचं आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या वर ब्रदर डॅनियल चालवतात ते. एक टेम्पो, एक गायनमंडळ. दरवर्षी चारही एकाच सोसायटीत पाठोपाठ जायचे. वॉचमन वैतागायचे.

मी लगेच हात वर केला. निव्वळ सेवेची ओढ. कॅथलिककडून मोनाली तुस्कानो येणार हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे अंदाज होता.

टेम्पो आणि रूट माझ्याकडे. पाळकसाहेब म्हणाले, अश्विन, तू तसाही मोकळाच असतोस. कॉलेज मी सोडलंय, कॉलेजने मला नाही, हे लोकांना कधी कळणार. राग आला नाही. खुर्ची फक्त जरा जोरात ठेवली.

२ डिसेंबर

तळवलीला जाऊन केशरबाईंना फेरीचं सांगून आलो. आमच्याच चर्चच्या. मूळच्या जालन्याकडच्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षं जिना उतरल्या नाहीत, त्यामुळे चर्चला येणं बंद. नाताळ फेरी हेच त्यांचं चर्च. गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचं.

गेल्या वर्षी आठजण आलो होतो, यंदा चाळीस येणार, असं मी बोलून गेलो. त्या म्हणाल्या, चाळीस मानसं? मग मोठं पातेलं मागावं लागंल लेकरा. शेजारपाजारच्यांनापन बोलावते. मला नेहमी इचारत्यात, मावशी, तुमचं कुनीच कसं येत न्हाई.

मी म्हटलं, एकवीस तारखेला, सातला, पहिलं घर तुमचं. शब्द दिला. शब्द दिल्यावर मी मागे फिरत नाही. इंजिनिअरिंगची गोष्ट वेगळी.

६ डिसेंबर

प्रॅक्टिस. मल्याळी चर्चचा जोबिन कीबोर्डवर. शांत मुलगा. असे शांत लोक मला आवडत नाहीत.

पहिलं गाणं मराठी की मल्याळी यावर तासभर वाद. कॅथलिक म्हणाले इंग्लिश. ब्रदर डॅनियल म्हणाले आधी प्रार्थना, मग ठरवू. मी कीबोर्डची पिन काढली. रागाने नाही, लक्ष वेधायला.

मोनाली म्हणाली, तू नाताळला आलायस की भांडायला?

थेट मला. पूर्ण वाक्य.

१४ डिसेंबर

मोनाली बोलता बोलता म्हणाली, आमच्या उलव्याला कुणी येतच नाही, फार लांब पडतं ना. हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं. पण बघत माझ्याकडे होती. माझ्या मागे घड्याळ आहे, तो भाग वेगळा.

उलवे रूटमध्ये घेतलं. तळवली एका टोकाला, उलवे दुसऱ्या. दहाला स्पीकर बंद करावा लागतो. होईल मॅनेज.

२१ डिसेंबर, दुपार

होत नाही मॅनेज. तीनदा मांडून पाहिलं. तळवली धरली तर उलव्याला पोचायला साडेदहा.

केशरबाई समजूतदार आहेत. त्यांना फोन करून सांगतो की उद्या येतो. करतोच.

संध्याकाळ

फोन राहिला. टेम्पोत माणसं चढवायची गडबड होती. पाळकसाहेबांनी विचारलं, पहिलं घर तळवली ना? माझ्या तोंडून निघालं, केशरबाईंची तब्येत बरी नाही, नका येऊ म्हणाल्या.

हे मी ठरवून बोललो नाही. आपोआप आलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मोनाली म्हणाली, बिचाऱ्या. मीही म्हटलं, बिचाऱ्या.

२२ डिसेंबर

उलव्याला काय झालं ते लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

मोनालीच्या टॉवरच्या वॉचमनने चाळीस माणसांना आत सोडलं नाही. म्हणाला, सेक्रेटरीची परमिशन दाखवा. मी त्याला दोन शब्द सुनावले. तो आधी निदान फोन लावत होता, नंतर त्याने तोही ठेवला. मग आम्ही रस्त्यावर उभे राहून गायलो. समोर अर्धवट बांधलेली बिल्डिंग. मोनालीच्या आईने सतराव्या मजल्यावरून हात हलवला. वर काहीच ऐकू आलं नाही म्हणे.

कालपासून केशरबाईंचे मिस्ड कॉल. चार्जिंग कमी होतं म्हणून घेतले नाहीत. आता चार्जिंग फुल आहे. तरी घेतले नाहीत. आज जायचं होतं, तेही राहिलं.

मम्मी म्हणाली, जेवत का नाहीस. म्हटलं, उपास. ती म्हणाली, कधीपासून?

२३ डिसेंबर

ग्रुपवर पाळकसाहेबांचा मेसेज: केशरबाईंसाठी प्रार्थना करा.

कॅथलिक फादर त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करणार. मल्याळी चर्चमधली एक नर्स तपासायला जाणार. ब्रदर डॅनियल कालपासून उपाशी आहेत, खरेखुरे. पहिलं गाणं कुठल्या भाषेत यावर तीन आठवडे एकमत झालं नाही. यावर पाच मिनिटांत झालं. उद्या चारही चर्च मिळून तळवलीला.

उद्या सकाळी उठल्या उठल्या पाळकसाहेबांना खरं सांगणार. फायनल.

२४ डिसेंबर

सकाळी सांगितलं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी लोकांचा मूड कशाला घालवायचा.

गेलो. सगळे जिन्यावरून हळूहळू, चपला न वाजवता. मोनालीच्या हातात सूपचा डबा. दार उघडं होतं. केशरबाई पदर खोचून लादी पुसत होत्या. कोपऱ्यात ते मोठं पातेलं, अजून परत न केलेलं.

ब्रदर डॅनियलनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला. केशरबाईंनी डोळे मिटले नाहीत. सगळ्यांच्या मधून त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना कळलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

मग म्हणाल्या, व्हय, बरं न्हवतं जरा.

मी श्वास सोडला. तेवढ्यात शेजारच्या ज्ञानेश्वरीताई दारातून म्हणाल्या, रविवारी तर चांगल्या होत्या. नवी साडी नेसून बसल्या होत्या दहापर्यंत. पोरं जिन्यावर झोपली तुमची वाट बघून. शेवटी चाळीस जणांचा चहा आम्हीच प्यायलो.

नर्स म्हणाली, बीपी बरंच वाढलंय.

केशरबाई म्हणाल्या, वाट बघून वाढलं आसंल.

बीपी खरंच वाढलं होतं, म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. हा विचार मनात आला. आल्या आल्या लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

मग त्यांनी गायला सांगितलं. जोबिनने हळू मराठी गाणं धरलं. त्याला पूर्ण पाठ होतं. गल्ली दारात जमली. मला पहिल्या कडव्यापुढे आवाज फुटला नाही. सर्दी असावी.

टेम्पोत पाळकसाहेबांनी विचारलं, बरं नाही असं तुला कुणी सांगितलं होतं? म्हटलं, फोन आला होता, आवाज नीट येत नव्हता. ते बरं म्हणाले. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

२८ डिसेंबर

चारही चर्चनी मिळून ठरवलं, जे घरातून निघू शकत नाहीत त्यांच्याकडे दर आठवड्याला दोघांनी जायचं. मंडळी कुठल्याही चर्चची असोत. नसोत तरी. सुरुवात तळवलीपासून.

तळवलीला पहिले दोघं: मोनाली आणि जोबिन.

ही जोडी मी जमवली. माझ्या थापेने.

पुढच्या मीटिंगमध्ये उभा राहून सगळं कबूल करणार. भाषण तयार आहे. मोनालीच्या डोळ्यांत पाणी येईल असा शेवट आहे.

४ जानेवारी, रविवार

उभा राहिलो. मला काही सांगायचंय, एवढंच म्हणालो. पाळकसाहेब म्हणाले, बस अश्विन, चोवीस तारखेपासून सगळ्यांना माहीत आहे. मोनाली जोबिनच्या मोबाइलमध्ये काहीतरी बघत होती. तिने मान वर केली नाही. भाषण खिशातच राहिलं.

मग पाळकसाहेब म्हणाले, केशरबाईंना पुन्हा चर्चला यायचंय. खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवावं लागेल. पुढून धरायला ज्ञानेश्वरीताईंचा नवरा आहे. मागून धरायला केशरबाईंना तूच हवायस.

दुपारी सराव म्हणून एकदा खाली-वर केलं. केशरबाईंचं डोकं माझ्या हनुवटीखाली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, आधी पायरी बघ. दुसऱ्या वळणावर हळूच म्हणाल्या, ती उलव्याची पोरगी ग्वाड हाय. पन ती त्या पेटीवाल्याची हाय लेकरा, मला पहिल्याच दिशी दिसलं.

खुर्ची हलली नाही. मी धरून होतो.

वर आल्यावर त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला. एकवीस तारखेच्या करंज्या. म्हणाल्या, बाकी वाटल्या. ह्या तुझ्या नावाच्या काढून ठिवल्या व्हत्या.

खवट झाल्या होत्या. त्या समोर बसून बघत होत्या. सगळ्या खाल्ल्या.