ओट्यावरचा कॅमेरा कोण फिरवतं

सोम. ३ नोव्हें.
झालं एकदाचं. पोर्ट फॉरवर्डिंग. आमच्या ओट्यावरचा कॅमेरा आता स्टेशनवर बसून पण दिसतो. फिरवता येतो, ऐकू येतं, आणि त्याच्या स्पीकरमधून बोलता पण येतं. (हे शेवटचं बाबांना सांगितलेलं नाही.)

काल दिवसभर चाललंच नव्हतं. राउटरचं पेज उघडलं, पोर्ट टाकला, कॅमेऱ्याचा आयपी टाकला, सेव्ह. काय नाय. शेवटी कुणालला फोन. कुणाल म्हणजे प्रणाली ताईचा होणारा नवरा, सानपाड्याचा, कंप्युटर लाइनमधला. म्हणाला, "नेटवाल्याकडून पब्लिक आयपी माग, म्हणजे घराला स्वतःचा पत्ता. त्यांनी एका आयपीवर अख्खी घणसोली बसवलीय." मागितला. बाहेरून उघडतंय का बघायला कुणालला पत्ता आणि पासवर्ड दिला. "दिसतंय रे, तुमचं कुत्रं झोपलंय." भारी माणूस.

ताई मागे उभी राहून सगळं बघत होती. एरवी मी पीसीवर बसलो की शिव्या घालते. आज विचारते, "आणि आवाज? तो पण जातो?"
जातो म्हटलं.

बुध. ५
सकाळी चंद्राकाकू नेहमीसारखी आमच्या कुंडीतली जास्वंद तोडायला आली. शेजारीच राहते, स्वतःचं झाड आहे, पण पूजेला फूल आमचंच लागतं. मी गच्चीवर मोबाईल घेऊन रेडी. जाड आवाज काढला, "चंद्रे... फूल ठेव."
काकूनं फूल ठेवलं. भिंतीला हात जोडले. चप्पल सोडून पळाली.

दुपारपर्यंत गावात झालं की आमच्या ओट्यावर देव बोलतो. बाबांना देव कोण ते लगेच कळलं.
"परत एक खोडी केलीस ना नित्या, तर तुजा कंप्युटर, तो राउटर, सगला खाडीत नेऊन टाकीन. तायचा लगीन हाय घरात."
ओके बाबा.

शनि. ८
घरात राडा. मी काहीच केलेलं नसताना. हे फर्स्ट टाइम.

काल आई आणि चंद्राकाकू ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. ताई पण होती. साखरपुड्याला सानपाड्याहून आईला आलेल्या साडीचा विषय निघाला. आई म्हणाली, "जत्रंतली हाय ती बाय. एकदा धुतली का पोतेरां."
आज सकाळी कुणालच्या आईचा फोन. सरळ बाबांना. "आमची साडी जत्रंतली वाटली का तुमाला?"
बाबांनी फोन ठेवला आणि आईकडं बघितलं. आईनं काकूकडं. काकू म्हणे, "गावदेवीची आन, मी नाय सांगतला कोनाला." आणि परत भिंतीला हात जोडले. कॅमेऱ्याच्याच भिंतीला.

काकूवर डाउट सगळ्यांचा आहे. गावात लाइट गेली तरी पहिली बातमी तिच्याकडं. पण तिच्याकडं सानपाड्याचा नंबर कुठून येणार?

आई दुपारी जेवली नाय. साखरपुडा होऊन लग्न मोडलं तर पोरीचं नाव खराब होतं, हेच चाललंय. ताई मात्र दोन वाट्या आमटी प्यायली.

रवि. ९
कॅमेरा मी गेटकडं तोंड करून ठेवलेला. आज बघतो तर तोंड झोपाळ्याकडं. जिथं बायका बसतात तिथं.
मी फिरवला नाय. बाबांना येत नाय. आई त्याला बल्ब समजते.
पत्ता, पासवर्ड बाहेरच्या एकाच माणसाकडं आहे.

फोन केला.
"कुणालदादा, आमचा कॅमेरा बघतोस काय?"
"छे रे. मला वेळ कुठाय."
लय पटकन बोलला.

मंगळ. ११
टेस्ट घेतली. संध्याकाळी ओट्यावर मी आणि कुत्रा, दोघंच. कॅमेऱ्याखाली बसून कुत्र्याला मोठ्यांदा सांगितलं, "मोत्या, बाबांनी हळदीचा डीजे कॅन्सल केला बरं का. भजनी मंडळ सांगितलंय."
मोत्यानं कान हलवला. बघू अजून कुणाचे हलतात.

बुध. १२
हलले!! सकाळीच कुणालच्या काकांचा फोन. "हळदीला डीजे नाय? आमची पोरं काय टाळ वाजवतील?"
म्हणजे काकू सुटली. कॅमेराच. प्रूफ.

पण आता लफडं वेगळंच. बाबा म्हणतात हे भजनी मंडळ आलं कुठून. मी सांगितलं, टेस्ट होती. कॅमेऱ्यातून कोणतरी ऐकतंय. बाबा म्हणाले, "कोनतरी म्हंजे तूच ना!" माझ्यावर विश्वास ठेवायचा असतो हे या घरात कुणाला माहितीच नाय. देवाच्या आवाजाचं अजून फिटलेलं नाय.
सानपाड्याची माणसं रविवारी संध्याकाळी येणार, बैठकीला. लग्न ठेवायचं का नाय, समोरासमोर. बाबा म्हणतात मोडलं तर पहिली हाडं माझी.

गुरु. १३
कुणालला भेटलो नेरूळला, ताई कामाला आहे त्या लॅबच्या खाली. दोन मिनिटांत कबूल.
"अरे, मी आईच्या टॅबवर टाकून दिलं. तिला सून बघायची होती. मी कामावर असतो, ती बघत बसते. सिरियलपेक्षा बरं म्हणते."
काढून टाक म्हटलं. काढतो म्हणाला. काढेल? स्वतःच्या आईच्या हातातला टॅब? घंटा.

कॅमेराच उपटला असता. पण खालच्या भाडेकरूंच्या बाइक त्याच्यावरच सांभाळतात, बाबा हात लावू देत नाहीत. मग घरी येऊन सेटिंग बदललं. फॉरवर्डिंग काढलं, ट्रिगरिंग टाकलं. फॉरवर्डिंग म्हणजे दार कायम उघडं, येणारा कधी पण येतो. ट्रिगरिंगमध्ये दार बंदच असतं. आता कॅमेरा हॉलमधल्या पीसीच्या सॉफ्टवेअरमधून. पीसीवर ते कुणी चालू केलं, त्यातून आधी बाहेर हाक गेली, तरच राउटर बाहेरच्याला आत सोडणार. आतून कडी काढल्याशिवाय कुणाच्या आईला एंट्री नाय.
पासवर्ड पण नवा.

ताई लॅबमधून आल्यावर सगळं समजावून घेतलं तिनं. कुठं क्लिक, काय दिसतं. "पासवर्ड मला सांगून ठेव. तू असतोस का कधी घरात." दिला.
जेवताना ती म्हणाली, लग्नानंतर लॅब सोडणार नाही. आई म्हणाली, "त्यांच्यात सुना कामाला जात नाय, बाय. भात घे." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. भात मी घेतला.

शनि. १५
हे काय चाललंय.

दुपारी गेटवरून आत आलो, कॅमेऱ्याचं तोंड परत झोपाळ्याकडं. माझ्यासमोर अजून थोडं फिरलं. कोणतरी बाहेरून फिरवतंय. म्हणजे आतून कुणीतरी कडी काढलेली, नवा पासवर्ड पण बाहेर दिलेला.
हॉलमध्ये पळालो. पीसी चालू, सॉफ्टवेअर उघडं, खुर्चीत कुणी नाय.

घरात तिघी. आई माऊस धरते तो पुसायला. चंद्राकाकू आत फक्त साखर मागायला येते. तिसरी ओट्यावर आईला विचारत होती, "आई गं, कुणालच्या आत्याला काय म्हणालीस तू त्या दिवशी? परत सांग ना."
आणि आई सांगत होती. नकला करून. हातवारे करून.

मी ताईला म्हटलं, पीसी कुणी चालू केला?
"तूच विसरला असशील."
मी विसरलो नाय. मी खोड्या विसरत नसतो. दुसऱ्याची खोडी पण चेहऱ्यावरून कळते मला.

रवि. १६, दुपार
माणसं पाच वाजता येणार. बाबांनी नवा शर्ट घातलाय, आई मुद्दाम तीच जत्रेतली साडी नेसलीय.

ताईला गच्चीवर गाठलं. सरळ विचारलं. तिनं कपडे वाळत घालणं पण थांबवलं नाय.
"मी हे लग्न नको म्हटलं ना, साखरपुड्याच्या आधी. तू होतास तिथं. काय बोललं कोण?"
काय बोललं... आई म्हणाली होती, सगळ्याच मुली नको म्हणतात. मी? मी तेव्हा करंजी खात होतो.
"मग तूच सांग ना त्यांना, नाही म्हणून."
"त्यांना पण सांगितलं. कुणाल हसला. म्हणाला, लाजतेस." एक पिन दातात धरली. "आईचं मात्र सगळं ऐकू जातं त्यांना."
"आईचं काय होणार पण? तिला शिव्या घालतील सगळे."
तिनं चादर झटकली. मग म्हणाली, "बंद करायचं तर कर जा. तुझाच राउटर."

खाली आलो. सॉफ्टवेअर चालूच आहे. आई ओट्यावर झोपाळ्यात बसलीय, काकूला सांगतेय, येऊ दे त्या भवानीला, आज बघतेच. म्हणजे टॅबवर आत्ता कोण आहे, निघायच्या आधी काय ऐकतंय...

बाबा दारातून ओरडले, "नित्या, ता सगला बंद केलंस ना?"
हो म्हटलं.

नाय केलं अजून. माऊसवर हात ठेवून बसलोय. आई आता साडीवर आलीय.