हिरवी बाजू

जठारपेठ, अकोला. सोमवार, संध्याकाळ

सुमन अंथरुणाला खिळल्यापासून तिच्या मनीप्लांटला मीच पाणी घालतो. नळ आठवड्यानं येतो, म्हणून बोअरचं खारं पाणी. ती नको म्हणाली होती. काहून ऐकलं नाही मी? पानांच्या कडा जळून पार तपकिरी झाल्यात. आता नळाचं पाणी घालतोय, पण जळलेली कड पुन्हा हिरवी होते का कधी?

खाटेवरून तिला दिवसभर ती वेलच दिसते. आज मी टांगलेली कुंडी फिरवून उरलीसुरली हिरवी बाजू तिच्याकडे केली.

"पाह्य, नवं पान फुटून राहिलं," म्हटलं.

तिनं हिरव्या बाजूकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या रिपोर्टचं बी असंच सांगतलं ना तुमी मले?"

कुंडी परत होती तशी फिरवली.