पाच डावी वळणं, एक उजवं

दि. ३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे आत्ता घे, उरलेले घर शोधून दिलंस की मिळतील.

यांची बदली पक्की झाली. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला तुझ्या शहरातल्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं, असं साहेबांनी फार गोड शब्दांत कळवलं आहे. हे फोनवरच बोलले असते, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाबा. पत्राचं तसं नाही. हे पत्र त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून मी खुशाल आंघोळीला जाऊ शकते. दुसऱ्याचं टपाल फोडायचं नाही, हा नियम त्यांच्या डोक्यात अजून शाबूत आहे. माझं नाव मात्र आठवड्यातून दोन दिवस तिथे नसतं.

मागच्या वर्षी तू आलास, चार तास गप्पा मारल्यास आणि जाताना मला सांगून गेलास की बाबा ठणठणीत आहेत, ताई उगाच बाऊ करते. पाहुण्यांसमोर ते ठणठणीतच असतात रे. रोज सकाळी नऊला मात्र निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेला हा पोस्टमन खांद्याला पिशवी अडकवतो आणि टपाल वाटायला निघतो. पिशवीत रद्दी असते, मीच भरते. साडेअकराला परत. एकही दिवस चूक नाही. मागे ते तापातून उठले तेव्हा मी दाराला कुलूप लावलं होतं. लोकांची पत्रं अडकली म्हणत त्यांनी दार बडवलं, इतकं की दोन्ही हात सुजले. ते रडले, मग मीही. पुन्हा कुलूप लावणं माझ्याने होणार नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. वर्तमानपत्रातल्या ‘हरवले आहेत’च्या जाहिराती छापण्याआधी माझ्या टेबलावर येतात. वय, उंची, वर्ण, अंगात निळा स्वेटर. वीस वर्षं मी त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करते आहे. बदलीचं कळल्यापासून प्रत्येक चौकटीत बाबांचा चेहरा दिसतो. परवा तर मनातल्या मनात त्यांची जाहिरात लिहून झाली आणि सवयीने तिच्यातला एक अनुस्वारही मी सुधारला. मला भीती वाटते. हे इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

तेव्हा शाळा, बाजार, पाणी काही बघू नकोस. बाबांनी फेरी तोंडपाठ सांगितली ती अशी: घरातून निघायचं, सायकलवाल्याशी डावं, बेकरीशी डावं, औषधांच्या दुकानाशी उजवं, शिंप्याशी डावं, पुढे आणखी दोन डावी, की आपलं दार. पाच डावी वळणं, एक उजवं. अशीच वळणं असलेली वस्ती मला शोधून दे. हसलास तर तिथे आल्यावर बघून घेईन.

लोभ आहे, पण सध्या तो घराच्या बोलीवर.
तुझी ताई

दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तुझ्या वळणांपायी चार दिवस चालून पायांची अशी अवस्था आहे, की नमस्कार खरोखर आडवा पडूनच घालतो आहे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला शहर आतून कळतं असा तुझा समज दिसतो. आम्हाला ते फक्त वर-खाली कळतं. तरी दोन जागा पाहिल्या. पहिलीला मी चौकशी गल्ली म्हणतो. वळणं अशी, की दोऱ्याचं रीळ मांजराच्या तावडीत सापडावं. त्यात माणसं! किल्ल्या बनवणाऱ्याने कुणाकडे आलात म्हणून विचारलं, इस्त्रीवालीने पगार विचारला, आणि जाड चष्म्याच्या एका म्हातारीने माझी बायको मला का सोडून गेली असेल, याची तीन कारणं मला उभ्या उभ्या सांगितली. त्यातली दोन मलाही नवीन होती. दहा मिनिटांत जीव मुठीत धरून पळालो.

दुसरी जागा मात्र अगदी तुझ्या कागदातून उचलून ठेवल्यासारखी. शांत वसाहत, दोन्ही बाजूंनी झाडं, प्रत्येक इमारतीला कुंपण. तिथली लिफ्ट मी सहा वर्षं दुरुस्त करतो आहे, पण आजवर कुणी माझं नाव विचारलेलं नाही, इतकी सभ्य माणसं. तुझा कागद हातात धरून तीन फेऱ्या मारल्या. पाच डावी, एक उजवं, आणि तिन्ही वेळा मी निघालो त्याच दाराशी. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या आहेत. हो म्हणालीस की मालकांना शब्द देतो.

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. डोकं विसरलं तरी पावलं विसरत नाहीत. आठवतं ना, स्टेशनावरच्या गर्दीत आपली मनगटं धरून ते म्हणायचे, की ही दोन रजिस्टर पत्रं आहेत, सही घेतल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाहीत? तो माणूस हरवेल का कुठे?

भाऊजींना नमस्कार, भाचीला गालगुच्चा. लोभ असू दे, सल्ले आवर.
तुझा धाकटा

दि. २१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज एवढ्यावरच भागव.

परवा फोनवर मी तुला हो म्हणाले ना? ते मागे घेते. वसाहतीच्या मालकांना काही कबूल करू नकोस. केलं असशील तर मोड.

काल वळणं पुन्हा एकदा ताडून पाहावीत म्हणून कागद-पेन्सिल घेऊन मी बाबांच्या मागे निघाले. बारा वर्षं मी या घरात राहते, पण फेरीला त्यांच्या मागून कधी गेले नव्हते. पहिल्याच वळणाशी बाबा थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि उजवीकडे निघाले. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, की काका, आज टपाल डावीकडे आहे. बाबा वळले. बेकरीशी तर ते नुसतेच उभे राहिले. बेकरीवाली बाहेर आली, कोपराला धरून तिने त्यांना कपाट फिरवावं तसं फिरवलं आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसली. औषधवाल्याने काचेच्या आतून नुसतं बोट दाखवलं. शिंपी मशीन सोडून उठला आणि त्यांच्याबरोबर पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेला. परतताना त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. कापडावरची नजर न काढता त्याने सांगितलं, की हे दोन वर्षं चाललं आहे. एकदा बाबा मोठ्या रस्त्यावर, ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते. बेकरीवाली अनवाणी धावत गेली. त्या दिवसापासून चौघांनी कोपरे वाटून घेतले. मला का नाही कळवलं असं विचारलं तर म्हणाला, की तुम्ही कुलूप लावाल अशी भीती वाटली. त्यांचे सुजलेले हात आम्ही पाहिले होते.

दोन वर्षं, धाकट्या! आणि मी साडेअकराच्या ठोक्याला दार उघडून कौतुकाने म्हणत होते, बघा, एक दिवस चूक नाही. फेरी बाबांच्या जिभेवर आहे, पायांत नाही. पायांत हे चौघे आहेत. त्यांना मी ट्रकमध्ये कपाटाशेजारी कशी भरू? तुझ्या त्या वसाहतीत पहिल्या वळणाशी बाबा उजवीकडे निघाले, तर कोण हाक मारणार? नाव न विचारणारी तुझी ती सभ्य माणसं?

काल रात्रीपासून त्या जाहिरातीची शेवटची ओळ मनात घुमते आहे. कृपया खालील पत्त्यावर कळवावे. खालचा पत्ता कुठला घालायचा, तेवढं तू ठरव.
ताई

दि. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार. आज थट्टा नाही, तेव्हा अक्षरही बरं आलं आहे बघ.

तुझं पत्र वाचलं आणि रविवारी सकाळी नऊला जुना कोट चढवून, खांद्याला पिशवी अडकवून वसाहतीत गेलो. वळणाशी थांबलो. चुकीच्या रस्त्याला लागलो, परत आलो. एका फाटकाची कडी उगाच हलवली. दुसऱ्या फाटकासमोर दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. सव्वा तास, ताई. एक पडदा हलला. एक गाडी हळू झाली, तिची काच वर गेली, ती निघून गेली. ज्यांच्या लिफ्टमधून मी त्यांच्या आईला दोनदा बाहेर काढलं, ते गृहस्थ माझ्या बाजूने फिरून पुढे गेले. शेवटी पहारेकरी आला आणि फार अदबीने म्हणाला, की उभं राहायचं तर फाटकाबाहेर राहा. फाटकाबाहेर काय आहे ठाऊक आहे? आठ पदरी रस्ता. मी तिथे उभा राहिलो. नाटक मी करत होतो, तरी मला खरंच वाटायला लागलं, की आता आपल्याला घरी कुणी नेणार नाही.

तसाच चौकशी गल्लीत गेलो. नाटक करायला वेळच मिळाला नाही. इस्त्रीवालीने लांबूनच हटकलं, की परवा पळालात ते तुम्हीच ना, घर मिळालं का, कुणासाठी हवंय, तोंड का उतरलंय. आणि ताई, मी सगळं सांगून टाकलं. माझे वडील विसरतात, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, तेही कोळशाच्या इस्त्रीसमोर. चष्मेवाल्या म्हातारीने विचारलं, की त्यांचा ओढा कुठल्या बाजूला असतो. मी म्हणालो, उजवीकडे. किल्लीवाल्याने मान हलवली आणि भिंतीवर खडूने काहीतरी लिहून ठेवलं. पगार या वेळी कुणी विचारला नाही, तो त्यांना पाठच आहे.

किल्लीवाल्याच्या वर दोन खोल्या आहेत. नळ गळतो, स्वयंपाकघराची खिडकी भिंतीकडे उघडते. हो म्हणून आलो आहे.

आणखी एक. मागच्या वर्षी निघताना दाराशी बाबांनी मला विचारलं होतं, की कुणाचं टपाल आणलंस. मी त्यांच्या पाया पडलो आणि खाली येऊन तुला ते ठणठणीत असल्याचं सांगितलं. माझीही फाटली होती, ताई. तुझ्याआधीच.

लोभ कमी झाला असेल तर तो माझ्या कर्माने.
धाकटा

दि. १९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या खेपेला पूर्ण. घर शोधून दिलंस आणि लगेच बाहेरगावी लिफ्ट बसवायला पळालास, म्हणजे नळाबद्दल ऐकून घ्यायला नको.

इथे येऊन सहा दिवस झाले. माझं वजन, यांचा पगार आणि तुझ्या भाचीचे गणितातले गुण आता सार्वजनिक आहेत. बाबा पहिल्या सकाळपासून पिशवी घेऊन निघतात. मी खिडकीत उभी राहते आणि आवाज ऐकते: काका, आज टपाल डावीकडे. हे वाक्य तूच गल्लीतल्यांना शिकवलंस ना? चार दिवस ते साडेअकराच्या आसपास परत आले. पाचव्या दिवशी, म्हणजे काल, आले नाहीत.

पावणेबारा झाले. बारा झाले. मी खाली उतरले तर किल्लीवाल्याचं दुकान बंद, कुणाचंतरी कुलूप तोडायला गेला होता. नेमका तोच कोपरा उघडा पडला होता. इस्त्रीवालीने त्यांना पाहिलं होतं, त्याच्यापुढे कुणीच नाही. मी धावले. एक चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. डोक्यात जाहिरात सुरू झाली. वय अठ्ठ्याहत्तर, उंची साडेपाच फूट, अंगात स्वेटर. आणि धाकट्या, स्वेटरचा रंग मला आठवेना. सकाळी मीच बटणं लावून दिली होती. निळा की करडा? मी भर रस्त्यात उभी राहून रंग आठवत होते, आणि वाटलं, हे बाबांना असंच होत असेल.

तेवढ्यात समोरून ते आले. स्वेटर करडा होता. पिशवी खांद्यावर, चालही अगदी शांत. मी विस्कटलेली, एका पायात चप्पल, डोळ्यांतून पाणी. त्यांनी मला पाहिलं, पण ओळखलं नाही. जवळ येऊन फार मायेने विचारलं, की बाळ, कुणाची तू, वाट चुकलीस का. त्यांनी पत्ता विचारला. मी या नव्या घराचा पत्ता सांगितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, की घाबरू नकोस, चाळीस वर्षांत मला न सापडलेला पत्ता नाही.

आणि आम्ही निघालो, अर्थातच चुकीच्या दिशेला.

पण तोवर अख्खी गल्ली बाहेर आली होती. इस्त्रीवालीने गरम इस्त्री तशीच उचलून डावीकडे दाखवली. बाबा वळले. चष्मेवाली म्हातारी पुढच्या कोपऱ्यावर काठी आडवी धरून उभी होती, म्हणजे उजवीकडचा रस्ताच बंद. धापा टाकत परतलेला किल्लीवाला जिन्याशी थांबला आणि म्हणाला, की काका, हाच तो पत्ता. एरवी एक वाक्य गिळत नाहीत ही माणसं, पण मी कोण हे त्यांच्यापैकी एकानेही बाबांना सांगितलं नाही. मी मान खाली घालून त्यांच्या मागे चालत राहिले. तुला खरं सांगू? आईच्या मागे इतक्या वर्षांत मला कुणी असं घरी आणलं नव्हतं.

जिना चढून त्यांनी दार ठोठावलं आणि पोस्टमन म्हणून खणखणीत हाक दिली. यांनी दार उघडलं. बाबांनी यांना सांगितलं, की रजिस्टर आहे, सही करा. वीस वर्षांत ज्या माणसाला माझी एकही खूण कधी कळली नाही, त्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि पिशवीतल्या रद्दीच्या कोपऱ्यावर पूर्ण नावानिशी सही केली, खाली तारीखही घातली.

सही वाळेपर्यंत बाबांनी माझं मनगट सोडलं नाही.

भीती गेलेली नाही, ती आता इथेच राहणार, भाडं न देता. पण जाहिरातीचा खालचा पत्ता मला पाठ आहे. नळ गळतो आहे. लवकर ये, आणि आलास की दाराशी बाबा टपालाचं विचारतील, तेव्हा काहीतरी हातात असू दे.

लोभ घट्ट धर.
तुझी ताई