डाव्या कोपऱ्यातलं श्री

४ ऑगस्ट, सोमवार
आज बाजार. तहसीलसमोरच्या लिंबाखाली टेबल लावून बसलो होतो. समोर ट्रकमधून सरकीच्या ढेपेची पोती उतरत होती. उतरवणाऱ्यातला एक चेहरा ओळखीचा वाटला. उजव्या भुवईवर खूण. आसोलखेडचा. कधी भेटलो नाही, पण त्याचा फोटो याच हातानं डिंक लावून चिकटवला होता. जानेवारीत. निराधार योजनेच्या अर्जावर. अपंगत्वाच्या रकान्यात माझंच अक्षर : दोन्ही पाय अधू, आधाराशिवाय उभे राहता येत नाही.
एकामागं एक तीन पोती त्यानं पाठीवर नेली. मग पायऱ्यांवर बसून चहा प्याला.
डबा तसाच घरी आणला. शोभा म्हणे, भाजी आवडली नाही का. आवडली म्हटलं.

६ ऑग., बुध.
वही काढून बसलो. कोणाचा अर्ज कधी लिहिला ते मी टिपून ठेवतो, बाबांपासूनची सवय. आसोलखेडचे अपंगाचे अर्ज आठ. एक वाती वळणाऱ्या पारूचा, तो जुना आणि खरा. बाकी सात दलाल ग. नं आणलेले, एका वर्षातले. सातांपैकी एकही माणूस टेबलासमोर आला नव्हता.
आणि त्यात मला वावगं वाटलं नाही, हीच तर गोष्ट. बाबा बत्तीस वर्षं याच लिंबाखाली अर्ज लिहीत. त्यांचा नियम, अपंगाला हेलपाटा नको. घरचा माणूस कागद घेऊन आला की लिहून द्यायचं. मी तो नियम मोठ्या अभिमानानं चालवला. ग. म्हणायचा, "भाऊ, त्याले चालता येत नाई, कसा येईन तो?" बरोबरच आहे म्हणून मी लिहायचो. दाखला जोडलेला असायचा, शिक्का गोल असायचा. कोणी बनवला, कुठं बनवला, कधी विचारलं नाही. ग. दर अर्जाला नेहमीपेक्षा जास्त द्यायचा, तेव्हाही विचारलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, पुढं स्वतःलाच फसवायला नको.

९ ऑग., शनि.
राखी. मेहकरला बहिणीकडे. स्टँडजवळच्या दुकानात तक्रार टाइप करून घेतली, हातानं लिहिली नाही. 'आसोलखेड येथे बोगस अपंगांना लाभ दिला जात आहे, चौकशी व्हावी.' खाली 'एक नागरिक'. तिथंच पोस्टाच्या पेटीत टाकली.
येताना गाडीत फार हलकं वाटलं. जन्मभर लोकांच्या सह्यांचे अर्ज लिहिले, स्वतःचा पहिलाच, आणि त्यावर सही नाही.

२१ ऑग., गुरु.
उद्या पोळा. बैलवाल्यांची झुली-गोंड्यांची खरेदी, त्यामुळं टेबलावर कोणी नाही. कचेरीत बोर्डावर कागद लागला. तक्रार आल्यामुळं आसोलखेडच्या सर्व अपंग लाभार्थ्यांचा महिन्याचा निराधार पगार पडताळणी होईपर्यंत थांबवला. सर्व.
सर्व हा शब्द मी तीनदा वाचला. पारूचं डोक्यातच आलं नव्हतं. तक्रारीत 'सात' लिहिलं असतं तर? नावं लिहिली असती तर? पण नावं लिहायची म्हणजे मला कशी ठाऊक तेही सांगावं लागलं असतं.

२८ ऑग., गुरु.
पडताळणी झाली. सातही आले. दोघं काठ्या टेकत आले, एकाला दोघांनी धरून आणलं, ढेपवाला ऑटोत आडवा होऊन आला. मशीनवर अंगठा ठेवला की हिरवा दिवा. माणूस तोच, म्हणजे बरोबर. पाय कोणी पाहिलेच नाहीत.
पारू हातांवर चालत आली, गेटापासून. तळहाताखाली नेहमीच्या जुन्या स्लिपर. तिचा अंगठा घेतला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल. दहाही झाली. बोटाला काही उरलंच नाही तिच्या. लहानपणापासून हातांवर चाल, आणि दिवसभर राख लावून वाती वळायच्या. सगळं घासून गेलं. डोळ्याचं मशीन बंद आहे म्हणे.
बाबूनं शेरा मारला, ओळख पटली नाही.
ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. "मधुभाऊ, मीच मी नाई तं कोन हाओ?" हसून म्हणाली. मला हसता आलं नाही.

१ सप्टें., सोम.
पारू पुन्हा. दोन दिवस वाती वळल्या नाहीत, बोटांना खोबरेल लावून बसली होती. म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. परत लाल.
आई अंथरुणावर आहे तिची. औषध आणायचं थांबलंय, एवढं बोलली. रागावली असती तर सोसलं असतं. तिला ठाऊकच नाही राग कोणावर काढायचा, आणि मी समोर बसून तिला पाणी देतो. लाज वाटून राह्यली मले माझीच.

४ सप्टें., गुरु.
नायब मॅडमनं आत बोलावलं. नवीन आहेत, मोजकं बोलतात. टेबलावर आसोलखेडच्या आठ फायली.
"हे कोणाचं?" बोट प्रत्येक अर्जाच्या डाव्या कोपऱ्यावर.
श्री. बारीक, खाली एक आडवी रेघ. बाबा म्हणत, कागद कोरा सुरू करू नये. मीही कधी केला नाही. किराण्याच्या यादीवरसुद्धा घालतो. सातही खोट्या कागदांवर माझं श्री, पूजेला बसल्यासारखं.
"माझं," म्हटलं.
"मग सांगा. मला यातलं काहीच बरोबर दिसत नाही."
विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो. विचार करण्यासारखं काय होतं त्यात? भित्रा माणूस नुसता वेळ मागतो.

५ सप्टें., शुक्र.
कचेरीला सुट्टी. ग. घरी आला. गोड बोलत होता. शोभानं चहा दिला, त्याच्यासमोर ठेवून आत गेली नाही, दारातच उभी राहिली.
"भाऊ, मॅडम काई करू शकत नाई. सातायचे अंगठे लागले. तुमी उगे राहा."
पारूचं काय, विचारलं.
"तिचं आपन पाहू ना. दुसऱ्या नावानं बसवून देऊ."
दुसऱ्या नावानं! ती एकटी खरी, आणि तिलाच खोटं नाव.
उठताना म्हणाला, "आन ध्यानात ठेवा, माहं अक्षर एकाही कागदावर नाई. सगळ्यायवर तुमचं श्री हाये."
तो गेल्यावर शोभा कप उचलताना म्हणाली, "तो खरं बोलून गेला. मंग आता तुमी काऊन खोटं बोलता?" मी खोटं कुठं बोललो म्हटलं. "बोलले नाई, तेच." तिचं माहेर लोणारचं, तिकडची माणसं तोंडावर बोलतात. एरवी मी यावरून चिडवतो तिला.

८ सप्टें., सोम.
जबाब दिला. तीन पानं. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच लिहा. लिहायला घेतलं आणि हात डाव्या कोपऱ्यात गेला. थांबलो. मग घातलं. माझाच कागद आहे, माझ्याच खुणेनं ओळखू द्या.
सात नावं लिहिली. ग. चं पूर्ण नाव लिहिलं. माणसं न पाहता अर्ज भरले आणि जास्तीचे पैसे घेतले, हेही लिहिलं. निनावी तक्रार माझीच, हेही. शेवटी लिहिलं, आठवी पार्वता खरी आहे, तिला मी लहानपणापासून ओळखतो, तिचा पगार सुरू करावा.
मॅडमनी शेवटची ओळ दोनदा वाचली. "सात खोटे लिहिणाऱ्याच्या शब्दावर मी आठवा खरा कसा मानू?"
खिडकीतून पारू दिसत होती, लिंबाखाली. मॅडमनाही दिसत असेल. पण फाइलला खिडकी नसते, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बरं वाटलं नसावं. पोलिसांकडे कागद जाईल म्हणाल्या. मला गाव सोडायचं नाही.

१६ सप्टें., मंगळ.
आदेश निघाला. सात बंद. ग. चार दिवसांपासून दिसत नाही, मलकापूरहून रेल्वेनं कुठंतरी गेला म्हणतात. माझं टेबल उचललं, कंपाउंडात बसायला बंदी. माझ्या अक्षरातला कोणताही अर्ज घेणार नाहीत. ठीक. याची तयारी होती.
याची नव्हती : माझ्या हातचे आठही अर्ज रद्द. पारूचासुद्धा. तिनं नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं डॉक्टरांची तपासणी.
आसोलखेडला गेलो सांगायला. ओट्यावर वाती वळत होती. सगळं सांगितलं, तक्रारीपासून. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्यापायीच बंद झाला माहा पगार?"
हाव, म्हटलं.
"मले पयलेच सांगतलं असतं तं मी दुसरीकडून काई पाह्यलं असतं." एवढंच. चहा विचारला नाही. तिच्या घरून पहिल्यांदा तसाच आलो.

२४ सप्टें., बुध.
घरी बसून आहे. ठाण्यात दोनदा जाऊन आलो. पुढची तारीख कळवतो म्हणाले. गल्लीत लोक बोलायचे थांबतात मी आलो की. सातांपैकी एकाची बायको दारात येऊन शिव्या देऊन गेली. शोभानं ऐकून घेतल्या, मग म्हणाली, "झालं का? पानी देऊ?"

६ ऑक्टो., सोम.
सकाळी दारासमोर ऑटो थांबला. पारू. शेजारणीच्या पोरीसोबत रुग्णालयात जाऊन तारीख घेऊन आली, कोणाला न विचारता. कोरे कागद पिशवीत.
"सांगा," म्हणे. "लिहितो कोण?" म्हटलं. माझं अक्षर चालत नाही.
"मी लिहितो ना. चवथी शिकली हाओ."
ओसरीवर बसून तिनं लिहिला. मी सांगत होतो, ती एकेक अक्षर काढत होती. दोन तास लागले. वेलांट्या चुकल्या, सुधारू का विचारलं तर कागद ओढून घेतला. अपंगत्वाच्या रकान्यात मी सांगायच्या आधीच तिनं लिहिलं, 'मी हातावर चालतो.' इकडच्या बायका बोलतात तसंच. दाखल्यातली भाषा नाही ती. राहू दे म्हटलं.
सगळं झाल्यावर तिनं पेन डाव्या कोपऱ्यात नेला आणि श्री काढलं. खाली रेघसुद्धा.
"पारूताई, ते नको. तेवढं नको. त्याच्यापायीच तं सगळं..."
"काऊन? देवाचं नाव हाये ते. तुमच्या एकट्याचं हाये का?"
शोभानं आत जाऊन चहा टाकला. या वेळी पारू प्याली.
कचेरीत मी गेटाबाहेरच थांबलो. ती आत गेली. बाबूनं अर्ज हातात घेतला, कोपऱ्याकडे पाहिलं, मग गेटाकडे, माझ्याकडे. मग मॅडमच्या खोलीत घेऊन गेला.
पोच मिळाली. बाकी काही सांगितलं नाही. मंजूर होईल का, कधी, की या श्रीवरूनच परत येईल, ठाऊक नाही. तपासणी पंधरा तारखेला. ऑटो मी सांगून ठेवला आहे, ती म्हणाली तुमी नका येऊ.