सासऱ्यांच्या पानावरचा कावळा

तीर्थरूप आशाआत्यांना,

इंद्रलोक सोसायटीतून ममताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, मी मात्र कालपासून सुन्न आहे.

काल तुमच्या दादांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, श्राद्ध झालं. त्याआधी मी बालवाडीत कोण कोणाला खातं ते शिकवत होते. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप. (निकेत बेडूक झाला होता, तर तोच सापाला चावला. त्याच्या आईला अजून समजावतेय.) कावळा मेलेले उंदीर खाऊन गल्ली साफ ठेवतो, हेही मीच सांगितलं. आमची आरोही त्याच वर्गात आहे आणि तिचं सगळं लक्ष असतं, हे माझं दुर्दैव.

गच्चीवर पान ठेवलं. कबुतरं ढीगभर, कावळा मात्र लांब टाकीवर बसलेला. सासूबाई आरोहीला म्हणाल्या, "बघ, आजोबा आलेत." तिने गुरुजींसमोरच विचारलं, "मग आजोबा मेलेले उंदीर खातात? आई बोलली, कावळे खातात." आत्या, जन्मभर गळ्यात माळ असलेला माणूस तो. गुरुजींना ठसका लागला आणि सासूबाई मटकन खाली बसल्या.

कावळा पानाला शिवेना आणि सासूबाई पाणीही घेईनात. शेवटी त्यांनी डोळे मिटून, हात जोडून कबूल केलं की सून बालवाडी सोडेल. (सुनेला कोणी विचारलं नाही.) आणि कावळा लगेच खाली उतरून पानाला शिवला. आता गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणार कसा? सोमवारी मुलांना मुंग्या दाखवायच्या होत्या. मला फार रडू येतंय.

तुमची,
ममता

ता. क. सासऱ्यांच्या पानावर वड्याखाली सुक्या बोंबलाचा तुकडा होता. पाणी आणायच्या निमित्ताने खाली जाऊन मी तो शेजारच्या मंदाताईंकडून आणला आणि सासूबाईंचे डोळे मिटलेले असताना ठेवला. दादा दरवर्षी उत्सवाच्या नावाखाली रत्नागिरीला येऊन तुमच्याकडे काय खायचे, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. कावळा कशासाठी आला, ते तुमच्या वहिनींना तुम्हीच सांगा. माझी नोकरी तुमच्या हातात आहे.

ता. क. २ पत्र मिळताच फोन करा. तुकडा ठेवताना आरोहीने मला बघितलंय, आणि ती सकाळपासून आजीच्या मागे लागलीय की बोंबील काय खातो.