पुढच्या सीटवर थोरली

७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि नातवाचा माझ्यातर्फे गालगुच्चा घे. इकडे सगळे ठीक. म्हणजे धाकट्याचा दात पडला, नळ गळतोय, हिची कंबर धरलीय, पण यातलं नवीन काहीच नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "परवडणार नाही रे" एवढं बोलून ठेवून देतेस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

या सुट्टीत आपण सगळ्यांनी समुद्रावर जायचं. सगळे म्हणजे आम्ही चौघं, तुम्ही दोघं आणि नातू. पाच दिवस. थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस. अंथरूण पाहूनच पाय पसरलेत मी.

आमच्या डेपोतल्या वेल्डरचा मेव्हणा समुद्राजवळच्या एका शाळेच्या वसतिगृहात राखणदार आहे. सुट्टीत मुलं घरी जातात आणि खोल्या ओस पडतात. शाळा त्या अगदी किरकोळ भाड्यानं देते, पण कुणाला ठाऊकच नसतं. दोन खोल्या, सात खाटा, एक मोठं स्वयंपाकघर. समुद्र पायी दहा मिनिटं. मेव्हणा दहा म्हणतो, आपण वीस धरू. खाटा आठवीतल्या मुलांच्या मापाच्या आहेत, त्यामुळे भाऊजींचे पाय बाहेर येतील. त्यांना म्हणावं, तेवढीच पायांना समुद्राची हवा. चादरी आपल्या आपण न्यायच्या. शनिवार-रविवार टाळून मंगळवारी गेलो की भाडं आणखी उतरतं. स्वयंपाक आपणच करायचा. बाहेर खायचं ते एकदाच, शेवटच्या दिवशी, आणि तेही आईस्क्रीम.

खरा खर्च प्रवासाचा. सात तिकिटं काढली तर पैसे तिथंच संपतील. पण घरात ड्रायव्हर असताना तिकिटं काढायची म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारच्या प्लंबरची आठ सीटची व्हॅन आहे. डिझेल तेवढं भरा म्हणतो, बाकी काही नको. सव्वाचारशे किलोमीटर आहे. पहाटे निघालो की दुपारच्या जेवणाला तिथं. एकोणीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवतोय मी, तुझ्या भावावर एवढा भरवसा ठेव.

सहा वर्षांत आम्ही कुठंही गेलेलो नाही. धाकट्याला समुद्र फक्त कॅलेंडरवर ठाऊक आहे. आणि जायचं तर यंदाच जाऊ. पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय? थोरलीनं वही उघडून यादी करायला घेतलीय. पंधरा वर्षांची झाली, पण यादी अशी करते की जणू फौज निघालीय. राखणदाराला मी थोडे पैसे आगाऊ पाठवलेत, तेव्हा नाही म्हणायची सोय उरलेली नाही.

तुझा,
ढब्बू

२६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. येताय म्हणालीस, जीव भांड्यात पडला. नातवाची फुगवायची ट्यूब आण, आमची फाटलीय.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारलंस. एका पानावर आठ ओळी लिहितोस, कागद फुकट मिळतो का, म्हणालीस. अगं, पेन जाड आहे. डेपोत खोक्यांवर लिहायचं पेन आहे ते, तेच हाताशी होतं. तुझी शिक्षिकेची नोकरी सुटली पण खोड सुटली नाही.

बेतात थोडा बदल केलाय. पहाटे नको. चांगलं उजाडल्यावर निघू. मध्ये एक मुक्काम करू. म्हणजे खर्च वाढेल, हे मला कळतंय, ओरडू नकोस. पण संध्याकाळी त्या रस्त्यावर समोरून दिवे येतात, आणि रस्ता आपल्या ओळखीचा नाही. मुलंबाळं बरोबर असताना घाई कशाला?

बरं, भाऊजींचं लायसन अजून चालू आहे का? सहज विचारतोय. गाडी विकली तरी लायसन ठेवलं असेल त्यांनी. चाळीसच्या वर ते कधी गेले नाहीत हे मला ठाऊक आहे, तुमच्या लग्नानंतर मीच मागं बसून जांभया द्यायचो. पण लांबच्या रस्त्यावर दुसरं माणूस असलं की बरं.

मागच्या रविवारी व्हॅन चालवून बघितली. इंजिन ठणठणीत आहे. थोरली बरोबर होती. एका वळणावर एक बाई मध्ये आली, ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. होतं असं.

थोरलीला मात्र काय खूळ लागलंय कळत नाही. रस्त्यानं चाललो की पाट्या मोठ्यानं वाचते. "पुढे शाळा." "डावीकडे वळण." मी म्हटलं, बाई, मला लायसन आहे. तर हसली नाही. बसायच्या जागांची यादी केली तीत पुढच्या सीटवर स्वतःचं नाव घातलंय. तिच्या आईला मागं बसलं की मळमळतं, सगळ्या घराला ठाऊक आहे. मायलेकींचं त्यावरून असं वाजलं की शेजारचा प्लंबर पाना घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं नळ फुटला. शेवटी हिनं माघार घेतली. पोरगी जेवतही नाही धड. वय आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

भाऊजींच्या लायसनचं तेवढं कळव.

तुझा,
ढब्बू

९ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र एकटीनं वाच. मग भाऊजींना सांग, पण आधी एकटीनं वाच. फोनवर बोललो असतो, पण आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी चौघांना ऐकू जातं.

पेनाचं खोटं होतं. ताई, माझे डोळे गेलेत. सगळे नाही. बाजूचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसल्यासारखं होतं. दोन वर्षं झाली. डेपोबाहेरच्या एका डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, आणि गाडी चालवू नका. मी मान हलवली, फी दिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला हजर झालो.

कसं जमलं म्हणशील. एकोणीस वर्षांचा एकच रस्ता आहे. कुठला गतिरोधक कुठं आहे ते माझ्या बुडाला ठाऊक आहे. थांबा कंडक्टरच्या घंटीवर कळतो. पुढच्या गाडीचे दिवे लाल झाले की अंगालाच कळतं. असं मी स्वतःला समजावत होतो. रोज साठ-सत्तर माणसं बसायची माझ्या मागं, आणि त्यांना मी असा नेत होतो. हे लिहिताना माझी मला शिसारी येतेय.

वर्षाला एकदा डेपोत डोळे तपासतात. कारकुनाच्या खुर्चीमागं अक्षरांचा एक तक्ता टांगलेला आहे, अकरा वर्षं तोच. मी त्याचा, वरचं नाव वगळून, फोटो काढून थोरलीला दिला. म्हटलं, कंडक्टरशी पैज लागलीय, एवढ्या ओळी माझ्याकडून पाठ करून घे. तिनं घेतल्या की. बटाटे सोलता सोलता म्हणून घ्यायची, चुकलो की डोक्यात पट्टी मारायची. किती हसलो होतो आम्ही! मी तपासणीत पास झालो आणि घरी पेढे नेले असते, एवढा खूष होतो.

मग दोन महिन्यांपूर्वी मी डबा विसरलो आणि तो द्यायला ती डेपोत आली. कारकुनासमोर थांबली असणार. भिंतीवर तक्ता होताच. तो काय आहे हे त्याच्यावर लिहिलेलंही आहे. तिनं डबा ठेवला आणि गेली.

त्या रविवारचं मी तुला अर्धंच लिहिलं. बाई मध्ये आली नव्हती. ती रीतसर रस्ता ओलांडत होती, मुलाचं बोट धरून, भर दुपारी. मी सरळ तिच्याकडेच बघत होतो, आणि म्हणूनच ती मला दिसली नाही. ब्रेक मी लावला नाही. थोरलीनं हँडब्रेक ओढला. ताई, तिचा हात आधीपासूनच तिथं होता. ती बाई मला काय काय म्हणाली ते लिहीत नाही, सगळं खरं होतं.

तरीही मी तुला लायसनचं विचारून गप्प बसलो. वाटलं, अर्धा रस्ता भाऊजी चालवतील, समुद्र तेवढा बघून येऊ, मग बघू. मला तो एकदा बघायचा होता गं, निदान कडेकडेनं दिसतोय तोवर. त्यासाठी मी तुझ्या नातवाला त्या व्हॅनमध्ये बसवणार होतो. मला माफ कर असं म्हणायचं तोंडही नाही.

परवा थोरलीची वही उघडी राहिली होती. चादरी आणि बादल्यांची यादी असेल म्हणून भिंग घेऊन वाचायला बसलो. तिनं फोनवरच्या नकाशात बघून सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता उतरवून काढला होता. प्रत्येक चौक, प्रत्येक सिग्नल. "पूल संपला की लगेच उजवीकडे रिक्षा उभ्या असतील, आधी सांगायचं." "शाळा. हळू म्हणायचं." अकरा पानं. बाराव्या पानावर परतीचा प्रवास, तोच रस्ता उलटा. पोरीची गणिताची परीक्षा होती त्या आठवड्यात.

मी वही जागेवर ठेवली आणि काल सकाळी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, दुसरा तक्ता मागवा आणि माझे डोळे तपासा. त्यांनी तो दवाखान्यातून आणवला. दुसऱ्याच ओळीला मी अडकलो. साहेब म्हणाले, "अहो, सावकाश परत वाचा." मी म्हटलं, "साहेब, मी कधी वाचतच नव्हतो." त्यांनी बिल्ला काढून ठेवायला सांगितला. पुढं काय ते ठरायचंय. भांडारात बसवतील किंवा घरी बसवतील, चौकशी तर लागणारच. लागू दे.

घरी येऊन हिला सांगितलं. ही रडेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "दोन वर्षं माझं तोंड दिसत नव्हतं तुम्हाला, आणि नवे कपडे कसे दिसतात विचारलं की छान म्हणायचात!" तेव्हापासून जेवायला वाढते, ताट जोरात ठेवते. माझी चूक आहे, ऐकून घेतोय.

भाऊजींना विचार, चालवाल का म्हणून. चाळीसच्या स्पीडनं, दोन मुक्काम झाले तरी चालतील. नको म्हणाले तर खोल्या सोडून देऊ. मुलांना मी सांगेन. तू कसलीही भीड धरू नकोस.

थोरलीला संध्याकाळी जिन्यात गाठलं. म्हटलं, आजपासून बाबा गाडी चालवणार नाहीत, बसही नाही आणि व्हॅनही नाही. कुणीही चालवली तरी तू मागं बसायचं, खिडकीशी, धाकट्याशी भांडत. ती दप्तराचा पट्टा ओढत बसली. मग म्हणाली, "बाबा, मग मी उद्यापासून चालत शाळेत जाऊ?"

ताई, शाळा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. गेले दोन महिने ही पोरगी पहाटे उठून माझ्या पहिल्या फेरीला यायची, सगळ्यांत पुढच्या सीटवर बसायची आणि अख्खी फेरी करून मग शाळेत उतरायची. मी कंडक्टरला कौतुकानं सांगायचो, बापाचा लळा आहे.

मी तिला म्हटलं, हो, चालत जा.

तुझा भाऊ